शिक्क्यासाठी रात्रीचा प्रवास नको, काकूंना घरी आणा

‘‘माझं वय ६९. ठाण्यात पाचपाखाडीला राहतो, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीतून निवृत्त झालो. मुलगी आणि जावई दोघंही बँकॉकमध्ये नोकरीला आहेत, कामाचे रीतसर व्हिसा आहेत. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुलीला मुलगा झाला. बाळंतपणासाठी आमची ही २८ ऑक्टोबरला तिकडे गेली. भारतीयांना ६० दिवस व्हिसा लागत नाही म्हणून तशीच गेली. ते दिवस संपत आले तेव्हा जावयांनी तिला चेंग वत्थनाच्या इमिग्रेशन ऑफिसात नेऊन आणखी ३० दिवस वाढवून घेतले. आता पासपोर्टवर २५ जानेवारी २०२६ ही तारीख आहे.

मुलीची रजा संपत आली. एवढ्या लहान बाळाला पाळणाघरात ठेवायला तिचं मन होत नाही. आईने अजून दोन-तीन महिने राहावं असं तिला वाटतं. तिच्या ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं, की व्हॅनवाले रात्री बँकॉकहून निघतात, पहाटे लाओसच्या सीमेवर पोचवतात, पलीकडे जाऊन शिक्का मारायचा आणि लगेच परत यायचं, की नवे ६० दिवस. सगळे करतात म्हणे. हिचं वय ६४, मधुमेह आहे, डावा गुडघा दुखतो. फोनवर मला म्हणाली, ‘जाऊन येते, काय होतंय!’ मला मात्र झोप लागत नाही. नको म्हणावं तर मुलीला वाटेल, बाबांना आपल्या अडचणीची किंमत नाही. विहीणबाई नाशिकला असतात, धडधाकट आहेत, पासपोर्ट आहे, पण सासूला बोलवायला मुलगी तयार नाही. मी अजून नातू पाहिलेला नाही. माझाही पासपोर्ट आहे, पण परदेशी एकट्याने जायची धास्ती वाटते. काय करावं?’’
– एक आजोबा, ठाणे (पश्चिम)

काका, नमस्कार.

आधी सरळ उत्तर देते. काकूंनी ही फेरी करू नये. २५ तारखेच्या आत त्यांनी ठाण्याला यावं, आणि त्यांना आणायला तुम्ही जावं. कसं, ते पुढे सांगते. पण तुमच्या घरात हा विषय निघेल तेव्हा ‘बाबा उगाच घाबरतात’ एवढ्यावर तो संपू नये, म्हणून आधी नियम नीट समजून घेऊ या.

लेक जे सांगतेय ते खोटं नाही. थायलंडने १५ जुलै २०२४ पासून भारतासह ९३ देशांच्या पर्यटकांना व्हिसाशिवाय ६० दिवस राहायची मुभा दिली. त्यावर इमिग्रेशन ऑफिसात १,९०० बाट भरून ३० दिवस वाढवून मिळतात. काकूंनी ते दोन्ही वापरले. आता त्यांना तिथल्या तिथे आणखी दिवस मिळण्याचा सोपा रस्ता उरलेला नाही. मग देशाबाहेर पडून पुन्हा आत यायचं, की मोजणी पहिल्यापासून सुरू होते. यालाच बॉर्डर रन म्हणतात. बाहेर जाऊन परत येणं हा गुन्हा नाही. जमिनीवरच्या नाक्यांवरून व्हिसाशिवाय प्रवेश मात्र एका कॅलेंडर वर्षात दोनदाच मिळतो. वर्ष आत्ताच सुरू झालंय, त्यामुळे त्या हिशोबातही काकू बसतात.

म्हणजे कागदावर फेरी होऊ शकते. ६४ वर्षांच्या, पहिल्यांदाच अशी फेरी करणाऱ्या बाईंना बहुधा शिक्का मिळेलही. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही, कारण तुम्ही लेकीला ‘हे बेकायदेशीर आहे’ असं सांगायला गेलात तर ती दोन मिनिटांत खोडून काढेल आणि पुढचं काही ऐकणार नाही.

माझा आक्षेप त्या ‘बहुधा’ला आहे. व्हिसाशिवाय प्रवेश ही सवलत आहे, हक्क नाही. खिडकीमागचा अधिकारी पासपोर्टची पानं उलटून बघतो: ९० दिवस पूर्ण राहून झालेत, आज सकाळी बाहेर पडल्या, काही तासांत परत आल्या आणि पुन्हा ६० दिवस मागतायत. या बाई पर्यटक आहेत की इथे राहतायत, हा प्रश्न त्याच्या मनात येणारच. नोव्हेंबर २०२५ मध्ये थाई इमिग्रेशनने जाहीर केलं, की सबळ कारण नसताना दोनपेक्षा जास्त वेळा अशी जा-ये करणाऱ्यांना प्रवेश नाकारला जाईल. काकूंची पहिलीच वेळ असली तरी त्या अशा काळात जातायत, की नाक्यावरचे लोक त्याच दिवशी परतणाऱ्यांकडे अधिक बारकाईने बघतायत. तुमच्या मुलीच्या ऑफिसातल्या माणसाचा अनुभव दोन वर्षांपूर्वीचा असेल तर तो आज उपयोगाचा नाही.

आता प्रवासाचं बघा. बँकॉकपासून जवळचा नाका कंबोडियाच्या बाजूचा, अरण्यप्रथेत-पोइपेतचा. सकाळी निघून संध्याकाळी घरी, असं तिथे होत असे. पण दोन्ही देशांत तंटा पेटल्यामुळे जून २०२५ पासून त्या बाजूचे रस्ते प्रवाशांना बंद झाले, जुलैत आणि पुन्हा डिसेंबरात तिथे लढाईही झाली. म्हणून व्हॅनवाले आता लाओसकडे नेतात. बँकॉक ते लाओसच्या सीमेवरचं नोंग खाय हे अंतर सव्वासहाशे किलोमीटरच्या आसपास आहे. ठाण्याहून रात्री व्हॅनने निघून नांदेडला जायचं, सकाळी तीन-चार तास रांगांमध्ये उभं राहायचं आणि त्याच गाडीत बसून परत यायचं, असं समजा. गुडघा आखडलेला, रात्रीचं जेवण अवेळी, साखरेच्या गोळ्यांचं वेळापत्रक बिघडलेलं, आणि शौचालय गाडी थांबेल तिथेच. पन्नाशीच्या आतली माणसंही यातून आली की दोन दिवस झोपतात. काकू घरी येऊन झोपू शकणार नाहीत, त्यांना लगेच बाळ हातात घ्यायचंय.

नोंग खायला मेकाँग नदीवर मैत्री पूल आहे, १९९४ साली सुरू झालेला. थायलंडच्या टोकाला पासपोर्टवर बाहेर पडल्याचा शिक्का बसतो, बसने पूल ओलांडायचा, पलीकडे लाओसचं इमिग्रेशन. लाओससाठी भारतीयांना व्हिसा लागतो, तो ऑनलाइन काढता येतो, पण एकदाच प्रवेश देणारा असतो. मग लाओसचा बाहेर पडण्याचा शिक्का, पुन्हा पूल, पुन्हा थायलंडची खिडकी.

या साखळीत एक जागा अशी आहे जिच्याबद्दल व्हॅनवाला बोलत नाही. काकू थायलंडच्या त्या शेवटच्या खिडकीसमोर उभ्या असतील तेव्हा त्यांची थायलंडमधली आधीची मुदत संपलेली असेल, कारण बाहेर पडल्याचा शिक्का बसला की शिल्लक दिवस गेले. लाओसचा व्हिसाही वापरून संपलेला असेल. अशा क्षणी अधिकाऱ्याने मान हलवली, तर त्यांना पुन्हा लाओसच्या बाजूला पाठवतात. तिथे नवा व्हिसा, भाषा कळत नाही, सामान बँकॉकला, जवळ एका दिवसाच्या गोळ्या, आणि व्हॅन बाकीच्या प्रवाशांना घेऊन निघून गेलेली. लाओसच्या राजधानीत, व्हिएन्टिएनमध्ये, भारतीय दूतावास आहे, मदत मिळेल, विमानाने कुठूनतरी मुंबई गाठताही येईल. पण ते सगळं काकूंना एकटीने करायचं आहे. लेक अडीच महिन्यांचं बाळ टाकून जाणार नाही, जावई ऑफिसात, तुम्ही पाचपाखाडीत. असं होण्याची शक्यता कमी आहे हे मान्य. पण झालं तर ते निस्तरायला तिथे कुणीही नाही, आणि मला निर्णय त्याच गोष्टीवर घ्यावासा वाटतो.

व्हॅनवाल्यांबद्दलही सांगते, कारण तुम्ही नको म्हटल्यावर कुणीतरी दुसरा ‘सोपा’ उपाय घेऊन येईल. काही जण सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करून स्वतःजवळ ठेवतात. पासपोर्ट अनोळखी माणसाच्या हातात द्यायचा नाही, मग तो कितीही गोड बोलो. काही जण म्हणतात, तुम्ही यायचीही गरज नाही, पासपोर्ट द्या, शिक्के मारून आणतो. हे ऐकल्याबरोबर फोन ठेवायचा. माणूस सीमेवर गेला नाही आणि पासपोर्टवर शिक्का आला, तर तो खोटा असतो किंवा लाच देऊन मारलेला असतो. पकडला जातो तो पासपोर्ट ज्याचा आहे तो. ‘शंभर टक्के गॅरंटी’ हे शब्द ऐकले तरी सावध व्हा, कारण खिडकीमागच्या अधिकाऱ्याच्या निर्णयाची गॅरंटी कुणालाच देता येत नाही. आणि लाओसऐवजी म्यानमारच्या बाजूला मे सोटला नेतो असं कुणी म्हणालं तर मुळीच नको. त्या सीमेपलीकडे सायबर फसवणुकीचे अड्डे आहेत. मार्च २०२५ मध्ये तिथून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं.

‘राहू दे चार-आठ दिवस जास्त, दंड भरू’ असाही सल्ला मिळेल. थायलंडमध्ये मुदतीपेक्षा जास्त राहिलं तर दिवसाला ५०० बाट, जास्तीत जास्त २०,००० बाट दंड आहे. पैशांचं सोडा, पासपोर्टवर त्याची नोंद राहते आणि पुढच्या वेळी नातवाला भेटायला जाताना तीच आडवी येते. ९० दिवसांपेक्षा जास्त राहिलं तर आपणहून हजर झालं तरी वर्षभराची प्रवेशबंदी आहे. या वाटेला जाऊच नका.

आता जरा घरातलं बोलते.

तुमच्या पत्रात मुलीला काय वाटतं ते आहे, जावयांनी काय केलं ते आहे, तुम्हाला किती काळजी वाटते ते तर ओळीओळीत आहे. काकूंना काय हवंय, ते कुठेच नाही. ‘जाऊन येते, काय होतंय’ हे त्यांचं उत्तर आहे खरं, पण आपल्याकडे त्यांच्या वयाच्या बायका हेच उत्तर देतात. लेक बाळंतीण असताना आईने ‘मला झेपत नाही’ म्हणायचं नसतं, असं त्यांना कुणी न शिकवता येतं. कदाचित त्यांना खरोखर राहायचं असेल. कदाचित तीन महिने रात्री उठून उठून त्या थकल्या असतील आणि घरी जायचं म्हणायला त्यांना तोंड नसेल. तुम्ही ठाण्यात बसून हे ओळखू शकत नाही, मीही नाही. त्यांना विचारावं लागेल.

तेही लेक शेजारी असताना नाही. बँकॉक आपल्या दीड तास पुढे आहे. लेक बाळाला घेऊन झोपलेली असेल अशा दुपारी काकूंना फोन करा. ‘तू जाऊ नकोस’ हे वाक्य आधी बोलू नका, नाहीतर त्या तुमची समजूत घालण्यात गुंततील. झोप किती होते, गुडघा कसा आहे, साखर शेवटची कधी तपासली, हे विचारा. आणि मग विचारा, ‘लेकीची सोय दुसरी झाली असती, तर तुला काय आवडलं असतं?’ एवढं विचारून गप्प बसा. त्यांना बोलू द्या.

लेकीशी बोलताना मात्र ‘तुझ्यामुळे आईला त्रास’ या अंगाने जाऊ नका. पहिलं बाळ, परका देश, रजा संपत आलेली, अशा वेळी मुलीला आई हवी असणं यात काहीही चूक नाही. तिला नकार ऐकायचा नाहीये, तिला २६ जानेवारीनंतर बाळाजवळ कोण असेल, हे ऐकायचंय. त्या प्रश्नाचं उत्तर हातात घेऊनच तिला फोन करा.

ते उत्तर तुमच्याच पत्रात आहे, काका. विहीणबाई. सासूला बोलवायला लेक तयार नाही, असं तुम्ही एका ओळीत लिहिलंत आणि पुढे गेलात. का तयार नाही, हे मला माहीत नाही. दोघींचं पटत नसेल, किंवा आईसमोर जसं पसरून बसता येतं तसं सासूसमोर येत नाही, एवढंच असेल. पण बाळ दोन्ही घरांचं आहे. आजवर एका आजीने तीन महिने केलं, आता दुसरीला तो आनंदही मिळायला हवा आणि तिने तो भारही उचलायला हवा. आणि हे बोलायचं काम लेकीचं नाही, जावयांचं आहे. आपल्या आईला बोलवायचं, तिची आणि बायकोची घडी बसवायची, कुठे खटका उडाला तर मध्ये पडायचं, हे त्यांनी करायला हवं. सासूबाईंना तान्ह्या बाळाची रात्र काढायला लागू नये म्हणून रात्रीचं एक उठणं जावयांनी स्वतःकडे घेतलं, तर निम्मी कुरबुर तिथेच मिटते. तुम्ही सासरे म्हणून त्यांना हे प्रेमाने सांगू शकता. घरी रीतसर व्हिसा, मुदतवाढ सगळं नीट बघणारा माणूस आहे तो, ऐकेल असं वाटतं.

आता तारखा बघा. विहीणबाई आणि तुम्ही एकाच विमानाने १८ जानेवारीच्या सुमाराला बँकॉकला जा. तुम्हाला एकट्याने जायची धास्ती आहे, बरोबर कुणी असेल तर ती उरणार नाही, आणि विहीणबाईंनाही सोबत होईल. तुम्ही आठवडाभर राहा, नातू मांडीवर घ्या. त्या आठवड्यात काकू विहीणबाईंना बाळाची तऱ्हा दाखवतील: कशाने रडतं, अंघोळीनंतर किती वेळ झोपतं, कुठल्या कुशीवर ढेकर देतं. मग २३ किंवा २४ तारखेला तुम्ही आणि काकू एकत्र परत या. २५ चं तिकीट काढू नका. विमान उशिरा सुटलं, किंवा ते मध्यरात्रीनंतरचं असलं, तर पासपोर्ट तपासणी कुठल्या तारखेला झाली यावर वाद नको.

विहीणबाई १८ जानेवारीला उतरल्या तर उतरल्याचा दिवस धरून ६० दिवस १८ मार्चला संपतात, आणि काकूंसारखी ३० दिवसांची वाढ मिळाली तर १७ एप्रिलपर्यंत वेळ मिळतो. ६० दिवस कमी करावेत अशी चर्चा तिकडे अधूनमधून होत असते, म्हणून आकडा डोक्यात धरून बसू नका. विमानतळावर पासपोर्टवर शिक्का बसला की तिथेच उभं राहून त्यावरची तारीख वाचा, तीच खरी.

तयारी फार नाही, पण ती आजपासून करा. दोघांच्याही पासपोर्टला किमान सहा महिने शिल्लक हवेत. तुमचा आधी कपाटातून काढून त्यावरची मुदत बघा. संपत आली असेल तर तुमच्या घराजवळच, वागळे इस्टेटला, पासपोर्ट सेवा केंद्र आहे, तत्काळमध्ये अर्ज करता येतो. तेवढ्यात न झाल्यास विहीणबाईंनी ठरल्याप्रमाणे जावं आणि काकूंनी २४ च्या आत एकट्याने यावं. मुंबईचं विमान सरळ आहे, त्या आल्या तशाच परत येतील. परतीचं तिकीट ६० दिवसांच्या आतलं आणि तारीख बदलता येणारं घ्या, काउंटरवर एअरलाइनवाले ते मागतात. थायलंडचा डिजिटल अरायव्हल कार्ड फॉर्म मे २०२५ पासून सगळ्यांना सक्तीचा आहे. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत तो इमिग्रेशनच्या सरकारी वेबसाइटवर फुकट भरता येतो. पैसे मागणाऱ्या वेबसाइटपासून लांब राहा, त्या सरकारी नसतात. माणशी २०,००० बाट किंवा तेवढ्या किमतीचं परकीय चलन जवळ असावं, अधिकारी दाखवायला सांगू शकतो. जावयांच्या पासपोर्टची, वर्क परमिटची आणि बाळाच्या जन्मदाखल्याची झेरॉक्स सोबत ठेवा. आणि काय कामासाठी आलात असं विचारलं तर खरं सांगा: नातवाला भेटायला आलो, मुलीकडे राहणार, अमुक तारखेला परत जाणार. ‘टुरिझम’ असं पाठ करून गेलेल्या माणसाला हॉटेल कुठलं विचारलं की तो अडखळतो.

ट्रॅव्हल इन्शुरन्स दोघांचाही हवा, मधुमेह वा रक्तदाब असेल तर तो अर्जात लिहून. काकूंच्या पॉलिसीची मुदतही आज तपासा. त्यांचं तिकीट पुढे गेलं असेल आणि पॉलिसी आधीच संपत असेल, तर ती संपायच्या आत वाढवून घ्या. त्यांनी लाओसला जायचं ठरवलं असतं तर त्या पॉलिसीत लाओस आहे का हाही प्रश्न आला असता, पण तो आता सोडून देऊ.

काकूंना पुढे पुन्हा जावंसं वाटलं तर? जरूर जावं. पण घरी दोन-तीन महिने राहून, साखर-गुडघा बघून घेऊन, आणि विमानाने. त्या वेळी व्हिसाशिवाय न जाता इथूनच टुरिस्ट व्हिसा काढावा असं मी सुचवेन. थायलंडचा ई-व्हिसाचा अर्ज ऑनलाइन होतो, तोही ६० दिवसांचा असतो आणि त्यावरही ३० दिवस वाढवून मिळू शकतात. दिवस तेवढेच, मग फायदा काय? कागदपत्रं आधीच तपासून झालेली असतात, त्यामुळे मागच्या ९० दिवसांच्या मुक्कामावरून विमानतळावर प्रश्न आला तर दाखवायला हातात व्हिसा असतो. कुणी निवृत्तांचा वर्षभराचा व्हिसा काढा असं सुचवेल. तो पन्नाशीच्या पुढच्यांना मिळतो खरा, पण त्यासाठी सहसा बँकेत ८ लाख बाट ठेवावे लागतात, म्हणजे वीस लाख रुपयांहून जास्त. नातवाच्या दोन-तीन महिन्यांसाठी एवढे पैसे परदेशात अडकवण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

त्यापेक्षा एप्रिलचा विचार करा. १३ ते १५ एप्रिल थायलंडमध्ये सोंगक्रानची, त्यांच्या नव्या वर्षाची सुट्टी असते. लेक-जावयांना पुढेमागे रजा जोडून आठ-दहा दिवस काढता येतील. विहीणबाईंची मुदत तेव्हाच संपत येईल, त्या त्यांच्याबरोबरच परततील. बाळाला तेव्हा सहावा महिना लागलेला असेल, उष्टावण ठाण्यात तुमच्या घरी करता येईल. लेकीलाही माहेरपण मिळेल. ते या वेळी तिला मिळालंच नाही, आईच तिच्याकडे गेली होती. फोनवर नकाराच्या जागी तिच्यासमोर हे ठेवा. ‘आई येत नाही’ आणि ‘तू एप्रिलमध्ये ये, तोवर सासूबाई आहेत’ ही दोन वेगळी बोलणी आहेत.

यासाठी एक काम मात्र लेक-जावयांनी याच आठवड्यात सुरू करायला हवं, ते म्हणजे बाळाचा पासपोर्ट. थायलंडमध्ये जन्मलं म्हणून बाळ थाई नागरिक होत नाही. आई-वडील भारतीय असले तरी परदेशात जन्मलेल्या बाळाचा जन्म एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात नोंदवावा लागतो, आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आई-वडिलांना लिहून द्यावं लागतं. त्यानंतर पासपोर्ट, मग थाई इमिग्रेशनकडे बाळाच्या मुक्कामाची नोंद. प्रत्येक टप्प्याला वेळ जातो, एप्रिल दिसतो तितका लांब नाही. आणि तिघांनीही थायलंड सोडण्यापूर्वी री-एंट्री परमिट काढायला हवं. एकदा परत येण्यासाठी ते १,००० बाटला आणि कितीही वेळा येण्या-जाण्यासाठी ३,८०० बाटला मिळतं. ते न काढता देशाबाहेर पडलं तर कामाच्या व्हिसावर मिळालेली राहायची परवानगी त्याच क्षणी रद्द होते. जावई कामासाठी बाहेर जात असतील तर त्यांच्याकडे ते आधीपासून असेल, पण लेकीच्या पासपोर्टवर आहे का हे त्यांना आजच बघायला सांगा.